तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहास-चरित्रं वाचणारा माणूस डिस्टोपियाकडे कसा वळला?

जळगावात पुस्तकांवर बोलणारं कोणीही भेटलं की हल्ली हेच विचारतं, तुम्ही तर पहिल्यापासून इतिहास, चरित्रं, शेती-पाण्यावरचे रिपोर्ट असलं वाचणारे, मग ही सायन्स फिक्शन आणि तीही सगळं वाटोळं झालेल्या जगाची, म्हणजे डिस्टोपिया, कशी काय आवडायला लागली? सांगतो. सोडलं काहीच नाहीये, उलट पाण्याच्या रिपोर्टांमुळेच तिकडे गेलो.

यावल-रावेरकडच्या भूजलाबद्दल मिळेल ते मी वाचतो. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, म्हणजे डोंगरावरून वाहून आलेल्या दगड-वाळूचा पट्टा, पाणी भराभर पोटात घेणारी जमीन, वर केळी, आणि उपसा एवढा की बोअर खाली खालीच चाललेत. हे सगळं रिपोर्टात मिळतं. मग ऑक्टाव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची 'पॅरेबल ऑफ द सोअर' हाती आली, १९९३ ची कादंबरी, गोष्ट सुरू होते २०२४ च्या कॅलिफोर्नियात, पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय. इथवर ठीक, पण पुढे ती लिहिते की तिथे लोक मळकेच राहतात, कारण स्वच्छ दिसलात की लोकांना वाटतं हा मिरवतोय आणि मग तुमच्यावर डोळा ठेवला जातो. मी तिथेच थांबलो. मे महिन्यात गल्ली टँकरची वाट बघत असताना कोणी पाइप लावून गाडी धुवायला काढली तर आजूबाजूचे कसे बघतात, ती नजर मला कुठल्याच तक्त्यात भेटली नव्हती.

तसाच रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन. पेशाने जहाजबांधणीचा इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं बांधून घ्यायला इंग्लंडात होता. कामगाराची हालचाल स्टॉपवॉच लावून मोजणारा अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर मला माहीत होता, त्याचं पुस्तक १९११ चं. झाम्यातिनने 'वुई' या कादंबरीत तेच मोजमाप कारखान्यातून उचलून थेट घरात आणलं, माणसांना नावांऐवजी नंबर, घरं काचेची, आणि प्रत्येक घास ५० वेळा चावायचा हेसुद्धा वरून ठरलेलं! गोष्ट सांगणारा डी-५०३ सुरुवातीला या सगळ्यावर मनापासून खूश आहे, आणि मला खरी भीती वाटली ती त्याच्या त्या खुशीची. माणूस कशालाही कसा सरावतो ते इतक्या आतून मला चरित्रांतही फार कमी वेळा वाचायला मिळालंय. १९२०-२१ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं.

सुरुवात कशाने करू म्हणाल तर बटलरपासूनच करा. ऑर्वेलची '१९८४' सगळेच सुचवतात, थोर आहेच, पण नंतर वाचा. बटलरची पंधरा वर्षांची पोरगी पुढेमागे घर सोडावं लागेल म्हणून पिशवी भरून ठेवते, आणि पुढे तिच्याजवळ मका, मिरची, वांग्याचं बियाणं निघतं. इंग्रजी फार जड नाहीये, वाचून झालं की या, बोलू.