जुलैमधला 'कॅच ऑफ द डे'

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात एक खूप गाजलेलं 'कोस्टल' रेस्टॉरंट आहे, नाव लिहीत नाहीये, तसंही तिथे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी बरीच आहेत. तर तिथे मेनूत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात होतं, 'कॅच ऑफ द डे: पापलेट'. जुलै महिन्यात. मुंबईत.

ज्यांच्या घरी मासे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस असतात आणि दर्याही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक होड्या आणि खाडीतले लोक थोडंफार काहीतरी आणतात, पण ताटाएवढं पापलेट दाखवून कोणी 'आजच आलंय' म्हणत असेल तर एकतर त्याला काही माहीत नाही, किंवा आपल्याला काही माहीत नाही असं त्याला वाटतंय.

आणि मी घेऊन कोणाला गेले होते, तर माझ्या सासूबाईंना. माहेर रेवदंडा. बाजारात पापलेटाचा कल्ला दाबून पांढरं पाणी येतंय की लाल हे बघितल्याशिवाय कोळणीला भाव पण न विचारणारी बाई.

आई-बाबांच्या, म्हणजे सासू-सासऱ्यांच्या, लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून हा घाट घातला होता. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात त्यामुळे दोघं मांडव्याहून गाड्याही नेणाऱ्या रोरो बोटीने भाऊच्या धक्क्यावर आले, बोट हलत होती म्हणून आईंनी दुपारी काही खाल्लंच नाही, म्हणजे रात्री आठला पोचलो तेव्हा त्या खरंच भुकेल्या होत्या. बुकिंग आठचं. फोनवर मला आधीच बजावलेलं की मॅम टेबल दीड तासासाठीच मिळेल, साडेनऊला रिकामं करावं लागेल. ठीक आहे बाबा, शनिवार आहे. पण आठला गेलो तर टॅब हातात धरलेली मुलगी म्हणाली टेबल रेडी होतंय, तोवर बारपाशी बसा. बारपाशी म्हणजे ती उंच स्टुलं. नऊवारी नाही पण चांगली कडक इस्त्रीची नारायणपेठ नेसलेल्या ६३ वर्षांच्या बाईला त्या स्टुलावर चढवणं हा एक वेगळाच सोहळा होता. पस्तीस मिनिटं गेली. टेबल मिळाल्यावर मी विचारलं की आता दहापर्यंत बसू ना, तर 'सॉरी मॅम, सिस्टिममध्ये नाइन थर्टीच आहे'. उशीर त्यांनी केला, आणि वेळ आमची कापली गेली.

भिंतीवर गिरणीचे जुने फोटो, चिमण्यांचे, सायरनचे, आणि कॉकटेलला नावं 'स्पिनिंग डिपार्टमेंट' वगैरे. बाबांचे एक मामा परळच्याच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, १९८२ च्या संपानंतर गावाला परत आले ते कायमचेच. बाबांनी ते फोटो नीट उभं राहून बघितले आणि काहीच बोलले नाहीत, मग मीही विषय काढला नाही.

मेनू क्यूआर कोडवर. उजेड इतका कमी की नवऱ्याच्या फोनचा टॉर्च लावून बाबा माझ्या फोनवरचा मेनू वाचत होते. पाण्याचं तर विचारूच नका. 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं साधं पाणी द्या. तर तो पोरगा अगदी तोंड पाडून गेला, आणि ते साधं पाणी यायला इतका वेळ लागला की शेवटी आम्ही बाटली मागवली, जी अर्थातच दोन मिनिटांत आली. छापील किमतीच्या कितीतरी पट लावली होती. आणि यात काही करताही येत नाही, हॉटेलात बसून पिता तेव्हा एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. म्हणजे साधं पाणी उशिरा का येतं ते कळलं असेल.

मुख्य गोष्ट माशाची. आईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, 'काय हो, बंदी चालू आहे ना, मग हे पापलेट कुठलं?' वेटरने इंग्लिशमध्ये सांगितलं, इट्स फ्रेश मॅम, टुडेज कॅच, लोकली सोर्स्ड. आईंनी परत मराठीत विचारलं. तेवढ्यात काळ्या सूटवाला मॅनेजर आला आणि तेच वाक्य जरा जास्त हसून बोलला. वर 'आमचे शेफ रोज सकाळी स्वतः ससून डॉकला जातात'. बंदीच्या दिवसांत रोज सकाळी ससून डॉकच्या मासळीबंदरात जाऊन शेफ काय करतात, मोकळ्या हवेत फिरतात?

खरं उत्तर अगदी सोपं होतं हो. पूर्व किनाऱ्याची बंदी आपल्याआधी असते, १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळे जुलैमध्ये तिकडचा मासा बर्फात घालून इकडे येतो. ते नाही तर कोल्ड स्टोरेजचा. 'मावशी, बाहेरचा आहे, बर्फातला आहे, पण मसाला चांगला लागतो' एवढं सांगितलं असतं तर आईंनी एका शब्दाने कुरकुर केली नसती, त्या स्वतः पावसाळ्यात घरी फ्रीजरमधली कोळंबी काढतात. दादरच्या कुठल्याही मालवणी खानावळीत या दिवसांत विचारा, गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता सांगेल, 'आज पापलेट घेऊ नका, सोड्यांची भाजी घ्या', म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची. तिथे एसीतून पाणी गळतं, टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसतो, पण आपण काय विकतोय ते त्यांना माहीत असतं.

तरी आम्ही घेतलंच ते पापलेट, १,९५० रुपयांचं, कारण आईंना म्हणे बघायचंच होतं. आलं. केळीच्या पानावर, वर खायची फुलं. गोव्याकडचा रेशाद मसाला म्हटलेलं, चव टोमॅटो केचपच्या जवळची. काटा लावला तर मासा भुसभुशीत, पाणी सुटलेलं. ताजा मासा कसा थरांनी सुटतो, तसलं काही नाही. आईंनी एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला आणि माझ्या कानात म्हणाल्या, 'अगं हा मेला त्याला वर्षश्राद्ध करायची वेळ आली.' मी इतकी हसले की शेजारच्या टेबलवाले बघायला लागले.

बाकीचं पटकन सांगते. बोंबील कुरकुरीत होते, ते आवडले, खोटं कशाला बोला, पण प्लेटमध्ये चारच. सोलकढी शॉट ग्लासात, वर फेस, लसूण-मिरचीचा पत्ता नाही, गुलाबी आणि गोड. आंबोळीचा टाको बाबांनी सुटा करून आंबोळीसारखाच खाल्ला. आणि 'डीकन्स्ट्रक्टेड मोदक' म्हणजे एका कोपऱ्यात सारण, एका कोपऱ्यात उकडीचा गोळा, मधे तुपाची पावडर. आई म्हणाल्या, 'वळायला कोणी मिळालं नाही वाटतं.'

या सगळ्यात मॅनेजर सारखा येऊन 'हाऊ इज एव्हरीथिंग?' विचारत होता आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या टेबलावर. भात मागितलेला तो मात्र मासा संपल्यावर आला. सव्वानऊला टेबल पुसायला माणूस येऊन उभा, आमच्या हातात चमचे असताना.

मग बिल. ७,४०० चं खाणं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ७४०, आणि त्या दोन्हीच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी ४०७, एकूण ८,५४७. म्हणजे न मिळालेल्या सर्व्हिसवर टॅक्सपण आपणच भरायचा. मी म्हटलं सर्व्हिस चार्ज काढा. मॅनेजर म्हणाला पॉलिसी आहे मॅम, मेनूत खाली लिहिलंय. मी म्हटलं, ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की हा आपोआप लावता येत नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय. तर हा मनुष्य मला म्हणतो, 'मॅम, ते दिल्लीत.' प्राधिकरण केंद्राचं आहे हो! मग मी नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनवर लावायला घेतला तेव्हा 'वन मिनिट मॅम' झालं आणि नवीन बिल आलं, ७,७७० चं. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ७७७ रुपये कमी. नवरा म्हणाला जाऊ दे ना, चारचौघांत कशाला. यांचं सगळं दुकान या 'चारचौघांत कशाला'वरच तर चालतं.

वेटरवर माझा राग नाही, हे लिहायलाच हवं. मॅनेजर बिल बदलायला गेला तेव्हा तो पोरगा हळूच मराठीत बोलला, चिपळूणकडचा निघाला. 'मावशी, आम्हाला इंग्लिशमध्येच बोलायला लावतात. आणि फ्रेशच म्हणायचं असं मीटिंगमध्ये सांगतात.' आईंनी लगेच त्याचं गाव, घरी कोण, जेवतोस कुठे सगळं काढून घेतलं. जेवायला त्यांना स्टाफ किचनमध्ये डाळ-भात असतो म्हणे. बाबांनी ५०० ची नोट थेट त्याच्या हातात दिली, टेबलावर ठेवली नाही.

दोन दिवसांनी मी त्यांना सविस्तर मेल केली, माशाचं, टेबलाच्या वेळेचं, बंदीच्या तारखांसकट. त्या पोराचं काही लिहिलं नाही, उगाच त्याच्या पोटावर यायचं. उत्तर लगेच आलं. 'डिअर सर, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे, पुढच्या भेटीत आमच्याकडून एक कॉम्प्लिमेंटरी डेझर्ट.' माशाबद्दल एक अक्षर नाही. आईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, 'लिही त्यांना, सारण तेवढं पाठवा, उकड मी काढते.'