आज दिवसभर फक्त अक्षरं

नवीन ड्रॉइंगची टेम्प्लेट बनवायला बसले आणि अख्खा दिवस टेक्स्ट स्टाइलमध्येच, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट आणि उंची ठरवण्यातच, गेला. पण गेला ते बरंच झालं.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल करताना उंचीच्या रकान्यात मी आधी २.५ टाकलं होतं. मग डायमेन्शनच्या, म्हणजे मापांच्या, आकड्यांची उंची काही केल्या बदलेना. बराच वेळ डायमेन्शन स्टाइलच तपासत राहिले. कारण साधं होतं: टेक्स्ट स्टाइलमध्ये ठरावीक उंची दिली की तीच चालते, डायमेन्शन स्टाइलमधली नाही. टेक्स्ट स्टाइलमध्ये शून्य ठेवलं आणि सगळं सुरळीत झालं.

नोट्ससाठी मात्र अ‍ॅनोटेटिव्ह स्टाइल केली, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रमाणानुसार अक्षराचा आकार आपोआप जुळवणारी. कागदावर २.५ मिमी दिसणारं अक्षर १:१०० ला मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे सगळं खऱ्या मापात काढतो तिथे, २५० मिमी लागतं, १:५० ला १२५. हा हिशोब आता सॉफ्टवेअरच करतं.

फॉन्ट सिम्प्लेक्सच ठेवला, तो ऑटोकॅडच्या एसएचएक्स प्रकारातला. एसएचएक्स फॉन्ट नुसत्या रेघांचा असतो, त्यामुळे त्याची जाडी पेनच्या (प्रिंटमधल्या रेषेच्या) जाडीवर ठरते आणि भिंतीच्या रेषांशेजारी तो शोभतो. ट्रूटाइप, म्हणजे संगणकातले नेहमीचे फॉन्ट, फक्त टायटल ब्लॉकला, म्हणजे ड्रॉइंगचं नाव आणि माहिती असते त्या चौकटीला. दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात, म्हणून फाइल पाठवताना फॉन्टही सोबत जोडायचे, हे टेम्प्लेटच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवलंय. साइटवर उभं राहून ड्रॉइंगवरची नोट वाचणाऱ्याला एक अक्षरही अडायला नको.