बुडबुड्यांचा तराफा, फेरी ३: सुई सुधारली, डिसलोकेशन दिसलं

साबणाच्या पाण्यावर एकसारख्या बुडबुड्यांचा एक थर तरंगवायचा आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे धातूतला एक अणू मानायचा, हा बुडबुड्यांचा तराफा. आधीच्या दोन फेऱ्यांत बुडबुडे लहानमोठे पडत होते आणि रांगा लागतच नव्हत्या. दोष सुईच्या तिरक्या टोकाचा निघाला. २६ गेजच्या सुईचं टोक पॉलिश पेपरवर सपाट घासलं, भोकातला कीस बारीक तारेने काढला. आता बुडबुडे साधारण २ मिमीचे, एकसारखे पडतात.

मिश्रण तेच: १ लिटर पाणी, ५० मिली भांडी घासायचं लिक्विड, ५० मिली ग्लिसरीन. हळू ढवळायचं, वरचा फेस काढून टाकायचा. ट्रे काळा, हवा मत्स्यालयाच्या पंपाची, नळीत बारीक व्हॉल्व्ह. सुई पृष्ठभागाखाली ५ मिमी, स्टँडला घट्ट बांधलेली. हातात धरली तर खोली बदलते, की बुडबुड्यांचा आकारही बदलला.

ही पद्धत लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी १९४७ मध्ये मांडली. पृष्ठताण बुडबुड्यांना जवळ ओढतो, ते दबले की एकमेकांना मागे रेटतात. धातूत जवळ आणण्याचं काम मुक्त इलेक्ट्रॉन करतात: ते कुठल्या एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या धन आयनांमधून पसरलेले असतात. या बंधाला ठरावीक दिशा नाही, म्हणून बहुतेक धातूंत अणू दाटीने बसतात. तराफ्यात प्रत्येकाला ६ शेजारी. तांब्यात १२, केंद्रांमधलं अंतर ०.२५६ नॅनोमीटर.

या फेरीतली खरी कमाई डिसलोकेशन, म्हणजे रांगांच्या मांडणीतला दोष. तराफा दोन काचपट्ट्यांमध्ये धरला आणि एक पट्टी अगदी सावकाश, तराफ्याच्या कडेने सरकवली. अख्खी रांग एकदम घसरत नाही. एका ठिकाणी अर्धी रांग जास्तीची घुसलेली असते, आणि ती जागाच एकेक बुडबुडा पुढे सरकत जाते. डोळा पाण्याच्या पातळीजवळ आणून तिरकं पाहिलं की रांगा तिथे वाकलेल्या स्पष्ट दिसतात. तांब्याची तार न तुटता वाकते ती याच चालीने! पट्टी झटक्याने ओढली तर तराफा फाटतो.

कंगव्याने ढवळल्यावर तराफ्याचे बारीक बारीक कण झाले, म्हणजे प्रत्येकात रांगांची दिशा वेगळी असे तुकडे, त्यांच्यामधल्या सीमा वेड्यावाकड्या. ट्रेला हलक्या टिचक्या दिल्यावर काही कण एकमेकांत विरून मोठे झाले. तापवलेल्या धातूत हे काम उष्णता करते.

विजेचं वहन मात्र या मॉडेलमध्ये दिसणार नाही, कारण यात इलेक्ट्रॉन नाहीतच. पुढच्या फेरीत तराफ्यात ३ मिमीचे थोडे बुडबुडे सोडायचे आहेत, कांशातल्या कथिलाच्या अणूंसारखे. त्यांच्याभोवतीच्या रांगा किती दूरपर्यंत वाकतात ते मोजायचं.