न दुखणारी खपली

मावशींना आणलं तो तापाचा नववा दिवस. सप्टेंबर महिना, पूर्व विदर्भातलं धानाचं गाव. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्झोनची इंजेक्शनं झाली होती, ताप हलला नव्हता. प्लेटलेट उतरलेल्या आणि सकाळपासून धाप.

मी तेव्हा मेडिसिनची निवासी डॉक्टर. राउंडला सरांनी एकच विचारलं, "अंग पूर्ण पाहिलंस?"

मी पाहिलं होतं पोट, छाती, हातपाय. गच्च भरलेल्या वॉर्डात लुगडं नेसलेल्या बाईचं पूर्ण अंग पाहायचं तर आधी आडोसा हवा. सिस्टर आणि मावशींची सून चादर धरून उभ्या राहिल्या. काखा, जांघा, परकराची नाडी बसते ती कंबर, काही नाही. मग डाव्या स्तनाखाली ती दिसली. वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं, विडीचा चटका बसावा तशी.

"मावशी, हे कधीपासून?"

"काय माहीत जी. दुखत नाही, खाजत नाही. मंग कोणाले सांगू?"

न दुखणं हाच या रोगाचा घात. गवताझुडपांतल्या माइट या बारीक किड्याची अळी डोळ्यांना जेमतेम दिसते. ती कपड्यांखाली, त्वचेच्या घडीत चिकटते आणि ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू आत सोडते; चावल्या जागी ही खपली धरते. तो पेशींच्या आत वाढतो, म्हणून नेहमीच्या रक्ताच्या कल्चरमध्ये उगवत नाही आणि सेफ्ट्रिॲक्झोनला दाद देत नाही. या रोगाचं नाव स्क्रब टायफस.

निर्जंतुक सुईनं खपली अलगद सोडवून पीसीआरसाठी, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधायला, डबीत घातली, रक्त आयजीएम एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीला पाठवलं. अहवालाची वाट पाहिली नाही. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक त्याच दुपारी सुरू केलं. आज अशी धाप लागलेला रुग्ण आला तर मी शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही देईन. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्याच 7 केंद्रांवरच्या अभ्यासात गंभीर रुग्णांसाठी ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली.

दुसऱ्या रात्री ताप उतरला. पीसीआर पॉझिटिव्ह आल्याचं कळलं तेव्हा मावशी खाटेवर बसून सुनेला विचारत होत्या, निंदण किती राहिलं.

त्या संध्याकाळी मी ऑगस्टमधल्या एका मुलाचे कागद काढले. तसाच ताप, तशीच धाप. तो वाचला नव्हता. तपासणीत माझ्याच अक्षरात होतं, 'त्वचा: विशेष काही नाही'. त्याच्या काखा मी पाहिल्या होत्या का, हे मला काही केल्या आठवेना.