कडेला आलेला हात

रविवार, रात्र

कॅमेऱ्यातली कार्डं उतरवून झाली, दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपीही झाली. डोळे चुरचुरतायत, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय. चार दिवसांनी लिहायला बसलं की नुसते आकडे हाती लागतात, तो उजेड निसटून गेलेला असतो.

आजचं कुटुंब पाच जणांचं. आईवडील, सहा वर्षांची थोरली, अडीच वर्षांचा धाकटा आणि आजी. घरीच फोटो काढायचे असं फोनवर ठरलं तेव्हाच मी दोन गोष्टी विचारून घेतल्या होत्या. कुठल्या खिडकीतून थेट ऊन आत येत नाही, आणि धाकटा किती वाजता झोपतो. दुसरा प्रश्न ऐकून त्याची आई हसली. पण मुलांच्या फोटोंत या दोन गोष्टी सांभाळल्या की अर्धं काम तिथेच होतं. उजेड कितीही देखणा असो, झोपेला आलेलं मूल त्यात रडणारच.

पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच होता. नुसती घरभर फिरले. बाहेरची खोली त्यांनी छान आवरून ठेवली होती आणि सगळे दिवे लावले होते. माझ्यासाठीच लावले होते, तरी एकेक करून बंद करायला सांगितले. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका रंग निळसर), पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा नारिंगी. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) एका उजेडाचा सांभाळता येतो, मग दुसऱ्याचा रंग डागासारखा चिकटून बसतो. दिवे गेले तशी खोली एकदम मंद झाली. वडील म्हणाले, "ताई, एवढ्याशा उजेडात येतील का फोटो?" मी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि त्यांच्या बायकोला म्हटलं, आता यांच्या डोळ्यांत बघा. बुबुळात अख्खी खिडकी उतरली होती, मधल्या चौकटीच्या रेघेसकट. ती चमक नसली की फोटोतले डोळे विझल्यासारखे दिसतात. मग त्यांनी पुन्हा दिव्यांचं नाव काढलं नाही.

शेवटी निवडली ती मुलांची झोपायची खोली. खिडकी मोठी, खाली पलंगापर्यंत आलेली. ऊन नुकतंच तावदानाच्या कडेला लागायला लागलं होतं, म्हणून पातळ पांढरा पडदा ओढून घेतला. पडदा मध्ये आला की सूर्याचा तो लहानसा, कडक ठिपका उरत नाही. सगळा पडदाच दिवा होतो. प्रकाश देणारी वस्तू जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. ढगाळ दिवशी बाहेर काढलेले चेहरे चांगले येतात ते यामुळेच, तेव्हा अख्खं आकाश पडद्याचं काम करतं.

पलंगावरची चादर हिरवी होती. हिरवी चादर, हिरवळ, रंगीत भिंत, काहीही जवळ असलं की तो रंग हनुवटीखाली आणि गळ्यावर चढतो, आणि त्वचेवर चढलेला हिरवा काढता काढता नाकी नऊ येतात. आजींनी कपाटातून पांढरी चादर काढून दिली. ती अंथरल्याबरोबर खालून हलका उजेड वर परतायला लागला. उजेड परतवणारा रिफ्लेक्टर बॅगेतून काढावाच लागला नाही.

मग मी आणि थोरलीने मिळून पलंग खिडकीपासून हातभर अंतरावर आणला. बिंदूएवढ्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो. खिडकी ऐसपैस असल्यामुळे तिथे हा हिशोब इतका कडक लागत नाही, पण खोलीत दोन पावलं आत गेलं तरी उजेड झपाट्याने उतरतो. म्हणून मी मनात एक चौकोन आखून घेते. या चौकोनात मूल कुठेही बसलं, लोळलं, पालथं पडलं तरी उजेड चांगलाच असणार. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझ्या हाताला लागलेली गोष्ट एवढीच आहे. प्रकाश आधी बसवला की मुलाला बसवावं लागत नाही. "इकडे बघ, हास, हात खाली घे" हे तीन हुकूम ऐकले की मुलांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं, आणि ते हसू त्यांचं नसतं.

सुरुवातीला आईवडील खिडकीशी शांत बसले होते, तेव्हा शटर १/८० वर आणलं, म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग उघडं. आणि तिथेच विसरले. थोरली धावत येऊन भावाच्या गळ्यात पडली, तो तिच्या केसांत तोंड खुपसून खिदळला, मी अकरा फ्रेम काढल्या. अकराच्या अकरा हललेल्या. मागच्या पडद्याच्या चुण्या लख्ख आणि मुलांचे हात पुसल्यासारखे. मुलं खोलीत आली की १/२५०, पळायला लागली की १/५००, हे मला झोपेतही माहीत आहे. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० करावा लागला तर करावा. नॉइज म्हणजे फोटोवर थोडी वाळू, ती चालते. हललेलं हसू परत जुळवता येत नाही. आतून खूप वाईट वाटलं. मुलांना "पुन्हा तसंच कर" म्हणायचा मोह झाला, तो आवरला. दुसऱ्यांदा केलेली मिठी मी आजवर अनेकदा काढली आहे, तिच्यात हात बरोबर असतात आणि डोळे माझ्याकडे असतात.

धाकट्याचं म्हणाल तर पहिला अर्धा तास त्याने मला पाठच दाखवली. मी जमिनीवर मांडी घालून बसून राहिले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभं राहून वरून काढलेल्या फोटोंत मुलांची डोकी मोठी आणि पाय आखूड दिसतात, हे एक. शिवाय खाली बसलेल्या माणसाचा मुलांना धाक वाटत नाही. हळूहळू तो चौकोनात आला आणि पायातला मोजा काढायला लागला. टाचेतून निघेना. मग त्याने मोज्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं, ओढलं, ओढलं, मोजा चांगला वीतभर लांब झाला, आणि सुटला तसा तो मागे कलंडला. उठून बसला, मोज्याच्या तोंडाशी डोळा नेला आणि आत बघत राहिला. बराच वेळ. पडद्यातून येणारा उजेड मोज्याच्या विणीतून आत झिरपत होता, त्याच्या पापण्यांवर अगदी बारीक ठिपके उमटले होते. मी श्वास रोखून धरला होता. या वेळी शटर बरोबर होतं.

पाचही जणांचा एकत्र फोटो सगळ्यात आधी उरकला होता. पन्नास मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर, म्हणजे तिचं भोक बरंच उघडं ठेवून, दीड मीटरवरून वापरली तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीएवढंच स्पष्ट येतं, म्हणजे एकाचे डोळे आले तर मागच्याचे गेले. भोक मिटवून एफ ४ केलं, थोडी मागे सरकले, सगळ्यांना खिडकीपासून सारख्याच अंतरावर बसवलं, म्हणजे एक चेहरा उजळ आणि एक काळोखात असं व्हायला नको. चार फ्रेम झाल्या आणि आजी उठल्याच. "माझं काय काढायचं आता, मुलांचे काढ बाळा." त्या पलंगाच्या पलीकडे जाऊन बसल्या, चौकटीच्या बाहेर. दोनदा आग्रह केला, मग सोडून दिलं. प्रत्येक घरात एक माणूस असं कडेला सरकतं. बहुतेक वेळा आजी, किंवा आई. कॅमेरा नेहमी ज्याच्या हातात असतो तो बाबासुद्धा.

मंगळवार, रात्र

दोन रात्री निवड केली. ६१२ मधून ४० ठेवले. त्याहून जास्त मी देत नाही. शंभर दिले की माणसं पहिले वीस बघतात आणि दमतात.

आज एडिटिंग. सगळं रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेलं असतं. जेपेग या नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला गाल किंचित वर उचलायचा झाला तर या पायऱ्या कामी येतात, नाहीतर तिथे पट्टे दिसायला लागतात. व्हाइट बॅलन्सही रॉमध्ये मागाहून बिनधास्त बदलता येतो, म्हणून तो सगळ्यात आधी लावते. लावते तो त्वचेकडे बघून. भिंत अगदी पांढरीशुभ्र झाली आणि मूल आजारी दिसलं तर काय उपयोग? मग एक्सपोजर (एकूण उजळपणा), पडद्याचे हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) थोडे खाली, शॅडोज (सावल्या) थोड्या वर. थोड्याच. सगळ्या सावल्या उपसून काढल्या की चेहरा पापुद्र्यासारखा सपाट होतो. नाकाच्या या बाजूचा उजेड आणि त्या बाजूची सावली, यांच्यामुळेच त्याला गोलाई येते. शेवटी क्रॉप (कडा कापून चौकट आवळणं) आणि क्षितिज सरळ. एका फोटोला दोन-तीन मिनिटं. त्याहून जास्त वेळ लागायला लागला की मी समजते, चूक फोटो काढतानाच झाली आहे.

तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारे रंगांचे साचे, मी कधीच सोडून दिले. एकाच कुटुंबात चार जणांचे चार रंग असतात, आणि एकाच साच्यातून काढले की एखादा हमखास करडा किंवा पिवळाजर्द पडतो.

दुपारी थोरलीच्या आईचा फोन होता. इतर बोलणं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, तिला थोडं उजळ करता येईल ना?" मागून थोरलीचा आवाज येत होता, म्हणजे ती तिथेच होती. मी म्हटलं, उजेड नीट आलाय तिच्यावर, आहे तशीच फार सुंदर दिसतेय, एकदा बघा, मग सांगा. आणि लगेच तिचा खिडकीतला फोटो पाठवला. तिचा रंग गर्द आहे, त्या रंगावर पडद्याचा उजेड गालाच्या हाडावरून तेलासारखा घसरत गेलाय. फोटो उजळणं वेगळं आणि मूल गोरं करणं वेगळं. पहिलं माझं काम आहे. दुसरं मी करत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी. सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच घरातल्या भिंतीवर रोज दुसरीच कोणीतरी दिसत राहावी, हे मला सोसवत नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "हाच मोठा करून द्या."

नाकावरचा ओरखडा, गुडघ्यावरचं खरचटलेलं, पडलेला दात, हे सगळं तसंच ठेवलं. ओठाच्या कडेला लागलेलं काहीतरी मात्र पुसलं. आई शेजारी असती तर तिने पदराने पुसलंच असतं.

मग तो फोटो उघडला. मोज्यानंतरचा. धाकटा पलंगाच्या अगदी कडेला उभा राहून पडद्याच्या पलीकडे डोकावतोय, एक पाय उघडा, एकात मोजा, टाचा उचललेल्या. फ्रेमच्या डाव्या कडेने एक हात आत आलाय आणि त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक मुठीत धरलंय. आजींचा. काढताना मला तो दिसलाही नव्हता.

काच आणि रसायनांच्या जमान्यातले फोटो आठवले. एकोणिसाव्या शतकात एका फोटोसाठी उजेड इतका वेळ घ्यावा लागायचा की तान्हं मूल तेवढा वेळ निश्चल राहणं अशक्य, म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसायची आणि तिच्या अंगावर कापड टाकून तिला झाकायचे. तसे कितीतरी फोटो आज शिल्लक आहेत. मूल स्पष्ट, आणि त्याच्या मागे खुर्चीवर घातलेल्या कापडासारखी दिसणारी त्याची आई. त्याच काळातल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेकीने आणि जावयाने पहिला कॅमेरा दिला. कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनी काचेची खोली केली आणि तिथल्या उजेडात कामाला लागल्या. त्यांचाही एक फोटो असाच निम्म्यावर आला असताना एक मूल फिस्सकन हसलं आणि गेला. मग त्यांनी एकाच मुलीला बसवलं आणि तिला समजावलं, हललीस तर माझी रसायनं आणि मेहनत सगळी वाया. १८६४ च्या जानेवारीतला तो फोटो त्यांनी आपलं पहिलं यश मानला. मोठ्या माणसांच्या कळवळ्याखातर तेवढा वेळ श्वास धरून बसलेली ती मुलगी मला रविवारच्या अकरा हललेल्या फ्रेमांपासून सारखी आठवतेय. आज आपल्या शटरला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. कोणाला स्थिर बसायला सांगायची गरज नाही, कोणाला कापडाखाली लपवायचीही नाही.

तरी क्रॉपची चौकट मी आपसूक आत ओढली होती. हात गेला, फोटो नेटका झाला. मूल, पडदा, उजेड. चांगला फोटो होता. मग जरा वेळ बघत बसले आणि ध्यानात आलं की आता तो पडेल असं वाटतंय. टाचा वर, तोल पुढे, आणि मागे कोणीच नाही. सदरा पाठीवर ताणलेला, पण कशाने ताणलाय ते दिसत नव्हतं.

चौकट परत बाहेर नेली. मनगटाच्या पुढे जेवढी बाही मूळ फ्रेममध्ये होती तेवढी सगळी घेतली. हात सावलीच्या बाजूला होता, शॅडो तेवढ्या भागापुरती अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर उचलली. आता शिरा दिसतात, अंगठ्याचं आखूड कापलेलं नख दिसतं, आणि मुठीत गोळा झालेल्या कापडाच्या घड्या. एक्केचाळिसावा म्हणून यादीत टाकलाय.