दोन टक्क्यांचे काम

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सकाळी किराणा दुकानात साठ रुपयांचे यूपीआय पेमेंट होईना, म्हणून बँकेत चौकशी केली, तेव्हा तेलंगणातील एका तक्रारीवरून माझे खाते गोठवण्यात आल्याचे समजले. मी तेलंगणात कधी गेलेलो नव्हतो, पण कारण मला त्याच क्षणी उमगले.

महिनाभरापूर्वी टेलिग्रामवर मला 'पेमेंट एजंट'चे काम मिळाले होते. माझ्या खात्यात येणाऱ्या रकमेतून दोन टक्के ठेवायचे, उरलेल्या पैशांचे यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेले क्रिप्टो चलन) क्रिप्टो एक्स्चेंजच्या पी-टू-पी विभागातून, म्हणजे थेट दुसऱ्या ग्राहकाकडून, विकत घ्यायचे आणि ते दिलेल्या क्रिप्टो वॉलेटवर पाठवायचे, एवढेच ते काम होते. कंपनी परदेशी असून भारतात तिचे खाते अद्याप उघडलेले नाही, असे मला सांगण्यात आले. मी दोन व्यवहार केले, ४६,००० आणि ४०,००० रुपयांचे. माझी कमाई १,७२० रुपये.

खुणा डोळ्यांसमोर होत्या. पैसे कंपनीकडून नव्हे, तर दोन अनोळखी व्यक्तींच्या बचत खात्यांतून आले होते. बँकेने विचारल्यास मित्राने उसने दिले असे सांगा, ही सूचना होती, आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटांची घाई. घाईचे कारण मला पुढे कळले: फसवणूक झालेल्या व्यक्तीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेळेत कळवले, तर पैसे खात्यात असेपर्यंत ते अडवता येतात, यूएसडीटी होऊन दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेल्यावर बँकेचे हात तिथवर पोहोचत नाहीत. यूएसडीटी कोणालाही स्वतः विकत घेता येते, मग मला दोन टक्के कशासाठी, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. ते भाडे माझ्या नावाचे आणि केवायसीचे होते.

बँकेकडून तक्रार क्रमांक आणि तपास अधिकाऱ्यांचा ईमेल मिळवून मी खातेउतारा, टेलिग्रामवरील संपूर्ण संभाषण, वॉलेटचा पत्ता आणि दोन्ही व्यवहारांचे हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरील ओळख क्रमांक, पाठवले. संभाषण पुसून टाकण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. तो मी मानला नाही, हे बरे झाले, कारण माझ्या बाजूने बोलणारे तेवढेच होते. काही आठवड्यांनी नोटीस आली आणि मी हैदराबादला जाऊन जबाब दिला. तिथे समजले की, पहिली रक्कम एका महिलेची होती. शेअर ट्रेडिंगच्या बनावट अॅपमध्ये तिचे पैसे गेले होते आणि तिच्या तक्रारीत लाभार्थी म्हणून माझे नाव होते. मी 'पहिला लेयर', म्हणजे चोरीचे पैसे सर्वात आधी ज्याच्या खात्यात आले तो, तर मला यूएसडीटी विकणारा गृहस्थ दुसरा. त्या बिचाऱ्याने केवळ विक्री केली होती, तरी त्याच्याही खात्यातील रक्कम अडवलेली होती. दुसऱ्या चाळीस हजारांबाबत तोवर तक्रार आलेली नव्हती. तो व्यवहार मी स्वतःहून जबाबात सांगितला.

त्यानंतर वकिलांमार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. फेब्रुवारीत आदेश झाला: संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादग्रस्त ४६,००० रुपये अडवून ठेवावेत. चोरीचे पैसे केव्हाच वॉलेटमध्ये गेलेले असल्याने अडकलेली रक्कम माझ्या बचतीतली आहे. ती त्या महिलेला देण्यास माझी हरकत नाही, असे मी न्यायालयात लेखी दिले आहे. पुढील तारीख अजून यायची आहे.