ख्रिस्ती शाळेच्या वर्षाचा हिशेब आणि पुढची आखणी

वार्षिक अहवालात पालक सगळ्यात आधी निकालाचा आकडा शोधतात, म्हणून तो आकडा सगळ्यात जपून लिहायला हवा. समजा, परीक्षेला ४२ मुले बसली आणि ४० उत्तीर्ण झाली. निकाल ९५ टक्के. पण याच तुकडीत दोन वर्षांपूर्वी पटावर ६० मुले होती. मग मधली १८ कुठे गेली? काहींच्या घरच्यांची बदली झाली असेल, काही मागच्या इयत्तेत राहिली असतील, काहींना फी परवडली नसेल. आणि काहींना ‘दुसरी शाळा बघा’ असे हळूच सुचवले गेले असेल. दुबळ्यांसाठी दार उघडे ठेवणारी शाळा म्हणवून घ्यायचे असेल, तर या १८ मुलांची कारणे समितीपुढे एकेक करून आली पाहिजेत. छापील अहवालात नावे नकोत, कारणांचे गट पुरेत. निकालाशेजारी ‘दोन वर्षांपूर्वीच्या पटापैकी किती टिकले’ हा आकडा असलाच पाहिजे.

लहान तुकडीचे टक्के एकटे छापू नयेत. २० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के. एका वर्षी निकाल ९० आणि पुढच्या वर्षी १०० टक्के झाला, तर फरक फक्त दोन मुलांचा आहे. त्याला ‘झेप’ म्हणणे बरोबर नाही. मूळ संख्या द्यावी, टक्के द्यावेत आणि तीन वर्षांची एकत्र सरासरी द्यावी.

हजेरीची सरासरीही अशीच दिशाभूल करते. पट ४०० आणि कामाचे दिवस २००, म्हणजे एकूण ८०,००० हजेऱ्या शक्य. त्यातल्या ७३,६०० भरल्या तर सरासरी ९२ टक्के. वाचायला छान वाटते. तरी त्याच पटावर महिनामहिना न येणारी तीस-चाळीस मुले असू शकतात, कारण नियमित येणाऱ्यांच्या हजेरीखाली ती झाकली जातात. म्हणून कामाच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुले वेगळी मोजावीत. २०० दिवसांत ती मर्यादा २० दिवसांची. हे मोजायला नवे काही लागत नाही, हजेरीपट आहेच. फक्त वर्षअखेरीची वाट न पाहता दर महिन्याला बेरीज करावी, कारण दुसऱ्या महिन्यात चार दिवस चुकलेल्या मुलाच्या घरी जाता येते. वर्ष संपल्यावर उरते ती फक्त नोंद. जाँ-बाप्तिस्त द ला साल या फ्रेंच धर्मगुरूंनी १६८० च्या दशकात फ्रान्समधल्या रॅंसमध्ये गरिबांसाठी मोफत शाळा उभ्या केल्या. त्या शाळांसाठी १७२० मध्ये छापलेल्या नियमपुस्तकात गैरहजेरीचा वेगळा विचार आहे आणि तिची कारणे मुलांत, पालकांत आणि शिक्षकांतही शोधलेली आहेत. शिक्षकांतही कारण शोधायची ती तयारी आजच्या अहवालात क्वचितच दिसते.

प्राथमिक वर्गांसाठी वाचनचाचणी फार उपयोगी पडते. न पाहिलेला उतारा द्यावा, मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचावे, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करावेत आणि मग उताऱ्यावर चार-पाच प्रश्न विचारावेत. वर्षाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, दोन्ही वेळा त्याच मुलांची. इथे चुका ठरावीक असतात. तोच उतारा पुन्हा दिला तर मुले आठवणीने वाचतात. दुसरा उतारा सोपा निघाला तर प्रगती फुगते. वर्गशिक्षकाने स्वतःच्याच वर्गाची चाचणी घेतली तर नकळत मदत होते, म्हणून शिक्षकांची अदलाबदल करावी. आणि प्रश्न गाळले तर भराभर वाचणारे पण अर्थ न कळलेले मूल ‘उत्तम’मध्ये जाऊन बसते.

आता उपासना आणि सेवाकार्य. श्रद्धा मोजता येत नाही, ती मोजायचा प्रयत्नही करू नये. ‘इतक्या मुलांचा विश्वास दृढ झाला’ असे वाक्य कोणत्याही शाळेने लिहू नये. काय घडले ते मात्र नेमके लिहिता येते: किती उपासना मुलांनी स्वतः चालवल्या, कोणत्या शुभवर्तमानाचे (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकाचे) वाचन झाले, वाचन आणि प्रार्थना नेहमीच्याच दहा मुलांकडे राहिल्या की सगळ्या वर्गांत फिरल्या, इतर धर्मांच्या मुलांसाठी काय व्यवस्था होती आणि पालकांना ती आधी सांगितली होती का. सेवाकार्याचे तास काढणे सोपे आहे: ६० मुले, प्रत्येकी ३ तास, म्हणजे १८० तास. पण १८० तासांनी ज्यांच्याकडे आपण गेलो त्यांना काय मिळाले, हे त्यांनाच विचारावे. वृद्धाश्रमातून कधी उत्तर येते की दोन तासांच्या गाण्यांपेक्षा दर शनिवारी चार मुले येऊन पत्रे वाचून दाखवतील तर बरे. ते उत्तर जसेच्या तसे अहवालात यावे आणि पुढच्या वर्षाच्या आखणीतही. मदत घेणाऱ्यांचे चेहरे छापू नयेत. दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ते फोटोंनाही लागू पडते. मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती हवी. फोटोखाली पूर्ण नाव आणि इयत्ता एकत्र देऊ नये.

फी-सवलतीचे पान बहुतेक अहवालांत नसते. ते असायला हवे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक चर्चच्या जगभरातल्या बिशपांच्या सभेच्या) २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात गरीब मुले, कुटुंबाच्या आधाराला मुकलेली मुले आणि श्रद्धेपासून दूर असलेली मुले यांची विशेष काळजी घ्यायला सांगितले आहे. शाळा कॅथलिक असो वा नसो, तीन प्रश्न तिला विचारता येतात: किती मुलांना पूर्ण सवलत, किती मुलांना अंशतः, आणि पैशाअभावी किती अर्ज परत गेले. तिसरा आकडा लिहायला जड जातो, पण देणगीदाराला नेमका तोच कळायला हवा.

पुढच्या वर्षाच्या योजना याच आकड्यांतून निघाव्यात, आणि तीनपेक्षा जास्त मोठ्या योजना घेऊ नयेत. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात येशू सांगतो. बांधकामाबाबत ते शब्दशः खरे ठरते. प्रयोगशाळेचे उदाहरण घ्या. ‘विज्ञान शिक्षण सुधारणे’ ही योजना नव्हे. ‘आठवीचे प्रत्येक मूल दर दोन आठवड्यांनी एक प्रयोग स्वतःच्या हाताने करील’ ही योजना. ३२ मुले, चारचा एक गट, म्हणजे ८ गट. म्हणून ८ बर्नर, ८ तिवया, ८ तारजाळ्या आणि परीक्षानळ्यांचे ८ संच. काच फुटतेच, म्हणून परीक्षानळ्या जादा मागवाव्यात. अंदाजपत्रकात खोली, टेबले आणि साहित्य येते, पण पाण्याची जोडणी, सांडपाण्याची नळी, हवा बाहेर टाकणारा पंखा, आम्लांसाठी खालच्या उंचीचे कुलूपबंद कपाट आणि साहित्य मांडणारा मदतनीस राहून जातात. मदतनिसाचा पगार दरवर्षी लागतो, देणगी मात्र एकदाच येते. बहुतेक प्रयोगशाळा इथेच बंद पडतात. बांधकामाच्या रकमेवर १० ते १५ टक्के आकस्मिक तरतूद ठेवावी आणि दरवर्षीचा चालू खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा.

संगणकांचेही तेच. ३० संगणक पाच वर्षे टिकतील असे धरले, तर दरवर्षी ६ बदलायचे पैसे बाजूला पडले पाहिजेत. नाहीतर सगळे एकदम जुने होतात. विशिष्ट कामासाठी आलेली देणगी हिशेबात वेगळी ठेवावी. पगार अडला म्हणून ती ‘तात्पुरती’ वापरली, तर परत भरणे फार अवघड जाते.

प्रत्येक योजनेपुढे जबाबदार व्यक्तीचे पद, रक्कम, तारीख आणि ‘पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे’ अशा चार नोंदी असाव्यात. ‘सर्व शिक्षक’ ही जबाबदार व्यक्ती नव्हे.

वेळापत्रकात ईस्टर आधी टाकावा, कारण तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये सरकतो: २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. मागच्या वर्षाचे कॅलेंडर उचलून तारखा टाकल्या की गुड फ्रायडेच्या आठवड्यात परीक्षा येऊन पडते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत येतो. नाताळच्या गायनाचा सराव त्याच्या निदान चार आठवडे आधी सुरू करावा, म्हणजे सत्रपरीक्षेच्या दिवसांत मुलांना वर्गातून उचलावे लागत नाही.

समितीसाठी पूर्ण अहवाल, आणि पालकांसाठी त्यांच्या घरच्या भाषेत दोन पाने. त्या दोन पानांत गेल्या वर्षी जाहीर केलेल्या योजना आधी याव्यात: कोणती झाली, कोणती अर्धी राहिली, कोणती सोडली आणि का. अर्धवट राहिलेल्या योजनेला नवी तारीख द्यावी. सहा महिन्यांनी समितीच्या बैठकीत हीच यादी पुन्हा मांडावी, त्या बैठकीचा दिवस आजच ठरवावा.